अल्लीपूरच्या वह्या

मे महिन्यात जामच्या चौकातल्या एका रसवंतीत बसून आम्ही वह्या बदलायचो. माझी मैत्रीण तिची वही माझ्या हातात द्यायची, मी माझी तिच्या. उसाचा रस यायचा, प्यायचो, घरच्या गोष्टी व्हायच्या, आणि मग ती तिच्या बहिणीच्या घरी चालत जायची, मी समुद्रपूरची गाडी धरून माहेरी. वही गाडीत उघडायची नाही असं मी ठरवलेलं असायचं. दरवर्षी चौक मागे पडेपर्यंतच ते टिकायचं.

वह्यांमध्ये तारे असायचे. म्हणजे एकच तारा, आणि त्याच्या आतले बाकीचे.

पुनर्वसूचे दोन ठळक तारे सगळ्यांना माहीत आहेत. त्यातला उत्तरेकडचा घ्या. नुसत्या डोळ्यांना तो एकच दिसतो. दुर्बिणीतून पाहिलं की त्याचे दोन होतात, पांढरे, जवळजवळ चिकटलेले. थोडं बाजूला, अंधारात, एक तिसरा फिकट लालसर ठिपका दिसतो. तोही त्यांच्याच घरातला. आणि हे तिन्ही मुळात एकेक नाहीत, प्रत्येकाच्या पोटात एक जोडी आहे, कोणत्याही साध्या दुर्बिणीतून वेगळी न दिसणारी. असे सहा. दोन पांढरे एकमेकांभोवती साडेचारशे वर्षांच्या आसपास एक फेरी मारतात. लाल जोडीतले दोघे मात्र इतक्या घाईने फिरतात की दर पावणेदहा तासांनी एक दुसऱ्याच्या पुढे येतो आणि तो ठिपका जवळपास निम्म्या उजेडावर उतरतो. उतरायला तासभर, परत चढायला तासभर. घड्याळ घेऊन बसलं तर तो सगळ्यात अंधुक कधी झाला ते आपल्याला मिनिटांमध्ये सांगता येतं.

आम्ही दोघी हेच करत होतो. मी वडनेरला शाळेत विज्ञान शिकवते. ती अल्लीपूरला, सासरी, दहावी-बारावीच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायची. हिंगणघाटला बीएस्सीला आम्ही एका बाकावर होतो. गणितात ती माझ्यापेक्षा कितीतरी पुढे होती. माझी प्रॅक्टिकलं चांगली, तिचे पेपर चांगले. लग्नं झाली, पोरं झाली, फोनवरचं बोलणं भाजीपाल्यावर येऊन थांबलं. मग एका उन्हाळ्यात वर्ध्याला दुर्बीण बनवण्याचं शिबिर होतं, त्याची बातमी मी तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "चाल, जाऊ." एवढंच.

पंधरा दिवस आम्ही काचेवर काच घासली. मध्ये करडी भुकटी आणि पाणी, आणि एका ठिपक्याभोवती गोल फिरत घासत राहायचं. तिचे हात दुखले की मी तिची काच घासायची, माझे दुखले की ती माझी. शेवटी कोणाचा आरसा कोणाच्या हाताने किती झाला हे सांगता येत नव्हतं. मुलामा देऊन आरसे परत आले, तेव्हा आम्ही सहा इंची प्लास्टिकच्या पाइपाचे दोन तुकडे आणले आणि माझ्या शाळेत बाकांना मारून उरलेला निळा रंग दोन्हींना मारला.

माझे वडील आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी पोरांना शिकवायचे. पत्रिका मांडणाऱ्यांचा त्यांना राग होता, पण आकाशाचा नव्हता. लहानपणी ते मला गच्चीवर नेऊन म्हणायचे, नक्षत्र पाहायचं ते ते कुठं आहे हे समजून घ्यायला. माझी दुर्बीण पहिल्यांदा लावली तेव्हा ते नव्हते. मी त्या संध्याकाळी कोणाला फोन केला असेल तर अल्लीपूरला.

मोजमापाची कल्पना तिची होती. ती म्हणाली, नुसतं पाहून काय करायचं, काहीतरी मोजू. नियम मात्र मी घातले. फेब्रुवारी ते एप्रिल पुनर्वसू संध्याकाळी वर असतो. त्यातल्या ज्या संध्याकाळी लाल तारा सात ते नऊच्या दरम्यान अंधुक होणार, त्या चार-पाच निवडायच्या. तिने तिच्या गच्चीवरून पाहायचं, मी माझ्या. वेळ एकमेकींना सांगायची नाही, कारण एकीने सांगितलं की दुसरीला तसंच दिसायला लागतं. नऊ वाजता फक्त फोन करायचा. मी विचारायची, "झालं?" ती म्हणायची, "झालं." मे महिन्यात वह्या बदलायच्या, आपल्या आकड्यांची नक्कल घरी ठेवायची, आणि तेव्हाच आकडे शेजारीशेजारी ठेवायचे.

माझ्यासाठी तो फोन फार मोठा होता, हे आज लिहिताना मला थोडं अवघड वाटतं. गच्चीवर मी एकटी असायची. खाली टीव्ही चालू, नवरा जेवून आडवा झालेला, मुलगी पुण्याला शिकायला गेलेली. पण मला एकटं वाटायचं नाही. मला ठाऊक होतं की हिंगणघाटाच्या पलीकडे, तासा-दीड तासाच्या वाटेवर, आणखी एक बाई याच घटकेला मान वाकडी करून त्याच लाल ठिपक्याकडे पाहून राहिली आहे.

आमचे आकडे जुळायचे. पहिली तीन वर्षं बरे जुळले, चार-सहा मिनिटांचा फरक यायचा. चौथ्या वर्षापासून तिचे आकडे फार सरस झाले. तिचे आकडे गणिताने येणाऱ्या वेळेच्या एक-दोन मिनिटं इकडेतिकडे, माझे मात्र तसेच, पाच मागे, सात पुढे. मी तिचं कौतुक केलं. ती म्हणाली, सराव आहे, दुसरं काय. सहाव्या वर्षी एका संध्याकाळचा माझा आकडा तिच्यापेक्षा आठ मिनिटांनी वेगळा आला, तेव्हा मी तो माझ्या नकलेत लाल शाईने खोडला. तिलाच बोलले की माझ्या नजरेत काहीतरी बिघडलं आहे. ती म्हणाली, "डॉक्टरले दाखवून ये एकदा. वय झालं आता आपलं." मी हिंगणघाटला गेले. डॉक्टरांनी थेंब टाकले, तासभर बसवलं, आणि सांगितलं की डोळे चांगले आहेत. माझा विश्वास बसला नाही. मी नागपूरला जाऊन दुसऱ्यांदा तपासून घेतले.

आठ वर्षांची मापं झाल्यावर मी ती नीट लिहून काढली आणि हौशी निरीक्षकांच्या एका नियतकालिकाला पाठवली. दोघींची नावं टाकली, तिचं आधी, कारण तिचे आकडे चांगले होते. छापून आलं. संपादकांनी पत्रात लिहिलं होतं की दोन निरीक्षक वेगवेगळ्या गावांत असूनही इतका मेळ असणं विशेष आहे. मी ते पत्र शाळेत दाखवलं. तिला फोनवर वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, माझं नाव कशाला टाकलं एवढं. मला वाटलं, भरून आलं असेल.

नवव्या वर्षी मार्चमध्ये अल्लीपूरला शिक्षकांचं एक दिवसाचं प्रशिक्षण होतं. पाचला सुटलं. त्या संध्याकाळी तारा पाहायचा होता, म्हणून मला साडेसातच्या आत घरी पोचायचं होतं, आणि म्हणून मी मैत्रिणीकडे गेले नाही. तिच्या गावात येऊन तिला न भेटता जाणं मला लागलं. आलेय हे तिला कळवलंही नाही. बसथांब्यावर उभी राहिले. पावणेसहाला वारा सुटला, आणि बघता बघता गारा. टिनाच्या शेडखाली आम्ही दहा-बारा माणसं एकमेकांना चिकटून उभी होतो. शेजारच्या चहावाल्याने दुकानाचं फळकूट आडवं लावलं. रस्ता पांढरा झाला. गारा थांबल्या तर पाऊस. बस आलीच नाही. साडेआठनंतर एका ओळखीच्या मास्तरांची गाडी मिळाली, तेव्हाही पाऊस चालू होता. त्या दिवशी मी नऊचा फोन केला नाही. वहीत लिहिलं: प्रशिक्षण, अल्लीपूर, गारपीट, निरीक्षण नाही.

मे महिन्यात, समुद्रपूरच्या गाडीत, मी तिची वही उघडली. तिचं अक्षर फार सुंदर आहे. मार्चच्या त्या तारखेपुढे लिहिलं होतं: आकाश स्वच्छ. सर्वांत अंधुक, सात वाजून बावन्न मिनिटं.

मी पहिल्यांदा तिची बाजू घेतली. तारीख चुकली असेल. दुसऱ्या दिवशीची असेल. पण तारा दुसऱ्या दिवशी त्या वेळेला अंधुक होऊच शकत नव्हता. आकडा त्याच संध्याकाळचा होता. मग वाटलं, एखाद्या तासासाठी उघडलं असेल. पण त्या तासाला मी तिच्याच गावात, तिच्या घरापासून दहा मिनिटांवर भिजत उभी होते.

माहेरी पोचल्यावर मी आईशी धड बोलले नाही. वडनेरला परत आले आणि सगळ्या वह्या काढल्या. कागदावर सूत्र मांडलं, नऊ वर्षांच्या प्रत्येक संध्याकाळची वेळ काढली आणि शेजारी तिचे आकडे लिहिले. पहिल्या तीन वर्षांत तिचे आकडे माझ्यासारखेच, मागेपुढे, माणसाने पाहिलेले. चौथ्या वर्षापासून एक मिनिट जास्त, दोन कमी, एक जास्त, शून्य, दोन कमी, एक जास्त. सहा वर्षं. एकदाही तीन नाही. बाहेर दिसणाऱ्या ताऱ्याशी त्या आकड्यांचा काही संबंधच नव्हता. प्रत्येक वर्षाची शाईही एकसारखी होती, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. एका बैठकीत लिहिलेली.

दुसऱ्या दिवशी मी अल्लीपूरला गेले. न कळवता.

ती मागच्या अंगणात कुरडया वाळत घालत होती. मला पाहून हसली, हात पुसत उठली. मी बसले नाही. घर आता दोन मजली झालं होतं, मी चार-पाच वर्षांत आलेच नव्हते. भेटी सगळ्या जामला व्हायच्या. वरच्या गच्चीचं पाणी खाली टाकीत सोडायला भिंतीवरून एक पाइप आणला होता. निळा. मध्यावर एक गोल भोक सिमेंटने बुजवलेलं होतं, भिंग बसवायला आम्ही दोघींनी गरम सळईने पाडलं होतं तेच.

ती माझ्या नजरेकडे पाहत होती. मी मार्चची तारीख सांगितली आणि म्हटलं, त्या दिवशी तुझ्या गावात गारा पडल्या होत्या, मी इथं होते. ती खाली बसली. कुरडईचा चीक तिच्या मनगटावर सुकत होता.

मग तिने सगळं सांगितलं, आणि खोटं काही सांगितलं नाही असं मला अजूनही वाटतं. चौथ्या वर्षी सासूला अर्धांगवायूचा झटका आला. सात ते नऊ ही सासूला भरवायची, कूस बदलायची वेळ. पहिल्या संध्याकाळी ती गच्चीवर जाऊ शकली नाही. नऊला माझा फोन आला.

"तू म्हणाली, झालं? म्या म्हटलं, झालं. दुसऱ्या दिवशी सांगतो म्हटलं. मंग नाई सांगता आलं."

मे आला तेव्हा वही कोरी होती. तिने सूत्र मांडलं आणि आकडे काढले. तिला ते अवघड नव्हतं. पुढच्या वर्षी वरचा मजला बांधायला काढला, दुर्बीण उचलून ठेवली, आणि पाइप मिस्त्रीने मागितला. आरसा तिने सांभाळून ठेवला होता. आत जाऊन कपाटातून साड्यांच्या मागून काढून आणला आणि माझ्यासमोर धरला. मी हात लावला नाही.

मी विचारलं, "मले डोळ्याच्या डॉक्टरकडे काऊन पाठवलं?"

यावर ती रडली. मी नाही. तिला सुचलं नव्हतं म्हणाली, तोंडातून निघून गेलं. मग डोळे पुसून म्हणाली, "आकडे तर खोटे नोयते. तारा त्याच वेळेले तसाच झाला असन नं. तू पाह्यला तोच."

"तारा होता," मी म्हटलं. "तू नव्हती."

आतून सासूने हाक मारली. ती उठून गेली. मी तिची परत यायची वाट पाहिली नाही.

घरी आले तेव्हा नवरा ओसरीत एक मोटार उघडून बसला होता. तो पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. तालुक्यातल्या निम्म्या विहिरींवर त्याचा हात फिरलेला आहे. मी त्याला सांगितलं. पाइपाचं सांगितलं तेव्हा त्याने पान्यावरून नजर उचलली नाही. मला तेव्हाच कळलं, तरी मी विचारलं.

"गेलतो मी त्यायच्याकडे मोटर पाह्यले," तो म्हणाला. "तईच पाह्यला पाइप."

केव्हा, विचारलं तर म्हणाला, चार वर्षं झाली असतील. मैत्रिणीने त्याला हात जोडून सांगितलं होतं की मीच तिला सांगेन, तुम्ही सांगू नका. मग ना तिने सांगितलं, ना त्याने.

"चार वर्षं तुमी मले फोन करू देला," मी म्हटलं.

तो म्हणाला, तू खूश राहत होतीस. पोरगी गेल्यावर तुझं कशात मन लागत नव्हतं, ते एकच होतं. मी सांगून ते मोडायचं कशाला? त्याच्या हिशेबात ही माया होती. तो मोटारीचे स्क्रू एकेक करून डब्यात टाकत होता आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या चार वर्षांतल्या सगळ्या संध्याकाळी येत होत्या. मी जिना उतरून खाली यायची, त्याला सांगायची, आज तिचंही झालं. तो टीव्हीवरून नजर न काढता म्हणायचा, बरं झालं. मैत्रिणीने मला फसवलं ते तिच्या अडचणीतून. याने मला खेळातल्या लेकरासारखं वागवलं, आणि तेही माझ्या भल्यासाठी. मला हे जास्त लागलं. मी त्याच्याशी भांडले नाही. फक्त त्या दिवसापासून गच्चीवर काय झालं ते मी त्याला सांगत नाही, आणि तोही विचारत नाही.

पत्र लिहायला मला आठवडा लागला. संपादकांना काय सांगायचं? मैत्रीण खोटारडी आहे असं लिहायचं नव्हतं. शेवटी लिहिलं की चौथ्या वर्षापासूनची अल्लीपूरची मापं प्रत्यक्ष पाहून घेतलेली नाहीत, ती काढून टाकावीत. हे मला आता कळलं, आणि न पडताळता पाठवल्याबद्दल जबाबदारी माझी आहे. माझी एकटीची मापं पुन्हा मांडून सोबत जोडली. लाल शाईने खोडलेला सहाव्या वर्षीचा आकडाही परत घेतला, आठ मिनिटांच्या फरकासकट. उत्तर आलं, सौम्य, चार ओळींचं. दुरुस्ती पुढच्या अंकात शेवटच्या पानावर आली. पहिल्या वेळेला शाळेत सगळ्यांना दाखवलं होतं. हे कोणाला दाखवलं नाही.

तिने दोनदा फोन केला. मी उचलला नाही. तिसऱ्यांदा तिने केला नाही.

या डिसेंबरमध्ये जामला एक लग्न होतं, तिच्या बहिणीकडचं, आमच्या दोन्ही घरांना बोलावणं. जाऊ नये असं वाटत होतं, पण नवऱ्याचा त्या घराशी कामाचा संबंध आहे, म्हणून गेले. जेवणाच्या पंगतीत ती येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. केस बरेच पिकले होते. सासू पावसाळ्यात गेली, हे मला बाहेरून कळलं होतं आणि मी भेटायला गेले नव्हते. ती त्याबद्दल काही बोलली नाही. माझ्या मुलीचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं. माझ्या ताटात वाढप्याने वडाभात टाकला तेव्हा, हिले तेल जास्त नाही चालत, असं त्याला सांगितलं. मी हो-नाही करत जेवत राहिले.

समोर नागपूरच्या एक बाई होत्या, नवरीच्या मामी. त्यांनी सहज विचारलं, तुम्ही दोघी नात्यातल्या का? मैत्रीण म्हणाली, नाही, कॉलेजच्या मैत्रिणी. आणि मग, घास हातात धरून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आमी दोघी तारे मोजतो. नऊ वर्षं झाली. छापूनही आलं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती त्या बाईंकडे पाहत होती. चेहऱ्यावर लाज नव्हती, आव नव्हता. आपल्या घरचं एखादं चांगलं काम सांगावं तशी ती सांगत होती. मला वाटतं, त्या क्षणी तिला ते खरंच वाटत होतं. त्याचंच मला भय वाटलं.

त्या बाई कौतुकाने माझ्याकडे वळल्या. "खरंच का हो? तुम्हीपण?"

माझ्या शेजारचा हात घास घेऊन तसाच थांबला होता.

"मी मोजते," मी म्हटलं, आणि हात धुवायला उठले.